तांबड्या शाईचा काना

मु. जैतखेडे, ता. पारोळा
दि. २ नोव्हेंबर २०२५

ति. द्रौपदाअक्का हिस,
धाकटा भाऊ आधार याचा स. जयभीम वि. वि.

पत्र लिहिण्याचं कारण असं की फोन आता माझ्या कामाचा राहिला नाही. कानातलं यंत्र शिट्टी मारतं. तू काय म्हणतेस ते मला कळत नाही आणि मी काय म्हणतो ते साऱ्या गल्लीला कळतं. पत्र मिळालं की तुझी नात साक्षी हिच्याकडून पोच लिहून घे. पारोळ्याचा पोस्टमन बदलला आहे, नवा माणूस कसा आहे कोण जाणे, म्हणून रजिस्टर करतो. झोपण्याआधी गॅसचं बटण बंद करतेस ना, तेही कळव.

आता मुख्य. आठ दिवस माझं डोकं तापलेलं आहे. गढीपाशी जैताई राणीचा फलक लागणार आहे. २६ जानेवारीला त्याचं उद्घाटन. गावात समिती झाली आहे, तिचे अध्यक्ष हितेंद्र सर. शिकलेला माणूस, जळगावात वाढलेला, बायकोच्या शेतीमुळे आपल्या गावाला आला. त्यांनी मजकूर वाचून दाखवला. त्यात लिहिलं आहे की नागदेव राऊळ यांनी आपली कन्या जैताई हिच्या विवाहात बारा गावे जावयास आंदण दिली, व पुढे ती राणी झाली.

अक्का, आंदण. आंदण म्हणजे लेकीबरोबर पाठवतात ती भांडी, ती गाय. आपल्याला मायने काय सांगितलं होतं? राऊळ मेला तेव्हा जैताईचं लग्न झालेलंच नव्हतं. सोळा वर्षांची होती. भाऊ नव्हता, म्हणून गादीवर ती बसली. चुलत्यांनी गढीला वेढा घातला, तो तीन महिने तिने सोसला. आपला मूळपुरुष त्या गढीच्या येशीवर राखणदार होता, त्याने दार उघडलं नाही. त्यानंतर वरच्या राजाने मागणी घातली, तेव्हा तिने निरोप धाडला की येते, पण बारा गावं माझ्या नावावर राहतील आणि शिक्का माझा चालेल. आधी मालकीण, मग राणी. जिची गावं तिलाच त्या गावांबरोबर भांड्यासारखी उचलून दुसऱ्याच्या घरात ठेवली या लोकांनी.

मी सभेत उठून बोललो. सर हसले, म्हणाले, बाबा, पुरावा काय. मी म्हणालो, मायच्या जात्यावरच्या ओव्या. त्यांना अहिराणी येत नाही, आंडेर म्हणजे मुलगी आणि आंडोर म्हणजे मुलगा इथपासून सांगावं लागलं. मी ही म्हणून दाखवली:

बाप गया राऊळ, बारा गावले नही धनी
गादीवर बठनी आंडेर, जैताई मनी राणी

सर म्हणाले, तोंडी चालत नाही, लिहिलेलं आणा. सातवीत असताना मी मायच्या ओव्या वहीत उतरवल्या होत्या, तुला आठवत असेल. ती वही शोधतो आहे. बापाची जमीन लेकीची असते हे आठशे वर्षांपूर्वी आपल्या गावाला कळत होतं आणि आता या शिकलेल्यांना कळत नाही, याचा मला फार संताप येतो.

दुसरं एक लहान काम आहे. आपल्या तानीच्या वावराच्या सातबाऱ्यावर आबा गेल्यापासून माझ्याबरोबर तुझं नाव नुसतं अडकून पडलं आहे. माझ्या जीवनला तिथे बोअर करून केळी लावायची आहे. वरणगावची फॅक्टरीची नोकरी अजून चार वर्षं, मग तो गावीच येणार. त्याचं म्हणणं, आत्याचं नाव निघालं की कागद मोकळे होतील. तर पारोळ्याला येऊन हक्कसोडीवर अंगठा देऊन जा. आधार कार्ड आणि दोन फोटो आण. भरताची वांगी सुरू झाली आहेत, जाताना पिशवी भरून देईन.

एसटीत खिडकीपाशी बसू नको, वारा लागतो. लोभ आहे तसा असू दे.

तुझा भाऊ
आधार

•

देवपूर, धुळे
दि. ११ नोव्हेंबर २०२५

चि. आधार यास,
द्रौपदाअक्काचा जयभीम व आशीर्वाद.

मी सांगते तसं साक्षी लिहीत आहे. तिला म्हटलं आहे, एक शब्द गोड करायचा नाही.

पत्र पोचलं. पोस्टमन चांगला आहे. गॅसचं बटण मी बंद करते आणि साक्षी उठून पुन्हा बघते. ती तुझ्यावर गेली आहे.

जैताईसाठी सभेत उठलास, ते ऐकून बरं वाटलं. आंदण हा शब्द ऐकून मलाही चीड आली. पण आधार, तुझं पत्र मी साक्षीकडून दोनदा वाचून घेतलं. पहिल्यांदा वाटलं पोरगी दोन वेगळी पत्रं वाचते आहे. पहिल्या दोन पानांवर बापाची जमीन लेकीची असते. शेवटच्या पानावर माझं नाव सातबाऱ्यावर अडकून पडलं आहे, लुगड्याला गोखरू अडकतं तसं. मधे एक रेघ तरी ओढायची होतीस.

मला आंदणात काय मिळालं ते तुला माहीत नसेल, तू तेव्हा चौदा-पंधराचा. एक पितळी घागर, दोन लुगडी आणि एक शेळी. शेळी फागणे गावाजवळ बैलगाडीतून उडी मारून जी गेली ती गेली. तुझा मेहुणा मरेपर्यंत मला शेळी हरवलेली म्हणून चिडवत होता. एवढं घेऊन मी कधी काही मागितलं नाही. आबा गेले तेव्हा तलाठ्याने आपण होऊन माझं नाव लावलं, मी त्याला चहासुद्धा पाजला नव्हता. त्या वावरातून मी अडतीस वर्षांत वांग्यांशिवाय काही नेलं नाही. पण नाव आहे हे मला माहीत आहे. आबांच्या नावाखाली माझं नाव आहे, हे मनात आलं की मला बरं वाटतं. त्याला तू अडकलेलं म्हणतोस.

माझा गुडघा दुखतो आहे, आत्ता येत नाही. तू आधी वही शोध. येशीच्या राखणदाराची दुसरी ओवी होती, ती तू कशी लिहिली आहेस ते मला कळव.

मफलर बांधत जा. माया आहे, ती पातळ करू नकोस.

तुझी
द्रौपदाअक्का

•

जैतखेडे
दि. २० नोव्हेंबर २०२५

ति. अक्का हिस,
आधारचा स. जयभीम वि. वि.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस जेवलो नाही. जेवलो, पण चव लागली नाही.

राणी ती राणी, आपण आपण. तिची बारा गावं होती, आपलं तीन बिघ्यांचं कोरडवाहू वावर. दोन्ही एका तागडीत घालायचं तुला शोभतं का? मी गोखरू म्हणालो नव्हतो, तो तुझा शब्द आहे. शेवटची सात वर्षं आबांना मी आंघोळ घातली. बांधावरची बाभळी मी तोडली. गुलाबी बोंडअळी आली तेव्हा माझी झोप उडाली होती. तू भरताच्या दिवसांत येतेस, कौतुक करतेस आणि जातेस. असं लिहिणं बरं नाही, पण तू लिहायला लावलंस.

वही सापडली. जीवनच्या आईच्या पेटीत, तिच्या लुगड्यांखाली होती. ती बिचारी माझे सगळे कागद जपायची. पानं पिवळी पडली आहेत, माझं अक्षर तेव्हा आतापेक्षा चांगलं होतं. तू विचारलेली दुसरी ओवी जशी आहे तशी उतरवतो:

येशीना राखनदारना घर राणीनी दिन्हं वावर
दिन्हं त्यानी आंडोरले, दिवा धरा येसवर

बघ. आंडोरले. राखणदाराच्या मुलाला दिलं, त्याने वेढ्यात येशीवर दिवा धरला म्हणून. तिथून पुढे मुलाकडून मुलाकडे ते वावर आलं. छप्पन साली धम्म घेतला तेव्हा आबांनी येशीच्या राखणीची येसकरकी सोडली, पण वावर टिकवलं, आणि ते माझ्याकडे आलं. हे मी म्हणत नाही, मायची ओवी म्हणते. जैताईचं वेगळं होतं, तिला भाऊ नव्हता. तुला आहे.

रविवारी वही घेऊन सरांकडे जातो. आता त्यांचं आंदण कसं टिकतं ते बघतो. जीवनने तिसऱ्यांदा विचारलं की आत्या कधी येते. काय सांगू ते तूच लिही.

गुडघ्याला एरंडाचं पान गरम करून बांध. राग आहे, म्हणून लोभ कमी आहे असं समजू नये.

आधार

•

धुळे
दि. २९ नोव्हेंबर २०२५

चि. आधार यास,
जयभीम.

आंडोर नव्हे. आंडेर.

मायबरोबर जातं कोणी ओढलं? मी. सहा वर्षांची असल्यापासून खुंट्यावर तिच्या हाताखाली माझा हात. तू पलीकडे गोधडीत झोपलेला असायचास, तुझ्या तोंडावर पीठ उडायचं आणि तू शिंकायचास. तुला शाळेत जाता यावं म्हणून म्हैस मी राखली. मला अक्षर येत नाही त्याचं कारण तू आहेस, आणि आता तेच अक्षर मला दाखवतोस.

तू अहिराणी विसरलास का रे? त्यानी आंडोरले असं कोणी म्हणतं का? त्याना आंडोर, त्यानी आंडेर; जसं त्याचा मुलगा, त्याची मुलगी. पारावर बसून कोणत्याही म्हाताऱ्याला विचार, तो हसेल. त्यानी आहे ना वहीत? मग पुढे मुलगीच येणार, मुलगा कुठून येईल?

आणि वावराचं नाव तानीचं का आहे? तू लहानपणापासून सांगतोस की पाण्याचा ताण पडतो म्हणून तानीचं. आजूबाजूच्या सगळ्या वावरांना ताण पडतो, त्यांना कोणी तानीचं म्हणत नाही. राखणदाराची लेक तानु. मायने मला सांगितलं होतं. वेढ्यात बापाला बाण लागला, तेव्हा पोरीने येशीवर दिवा धरला, की बाहेरच्यांना वाटावं राखणदार जागा आहे. वेढा उठल्यावर बाप म्हणाला, इनाम माझ्या पुतण्याला द्या. जैताईने त्याला विचारलं की दिवा कोणी धरला. आणि वावर तानुला दिलं. जैताईला माहीत होतं चुलते काय असतात.

पहिल्या ओवीत तू आंडेर बरोबर लिहिलंस, कारण जैताईला मुलगा करता येत नव्हता. दुसरीत जमलं, तर करून टाकलंस.

तुझ्या भिंतीवर ज्यांचा फोटो आहे, ज्यांना तू रोज जयभीम घालतोस, त्यांनी लेकीबाळींच्या हिश्श्याच्या कायद्यासाठी दिल्लीतलं मंत्रिपद सोडलं. साक्षीने मला वाचून दाखवलं. तू सातवी शिकलास, तू का नाही वाचलंस?

मी येत नाही.

द्रौपदा

ता. क. आधारआबा, मी साक्षी. अक्काआजीने ओवी म्हटली ती मी मोबाइलवर घेतली आहे. ती म्हणताना हात जात्यासारखा फिरवते. तुमच्या पत्रापासून तिने माझ्याशीही भांडण काढलं आहे, पोळपाट जोरात आपटते. काळजी करू नका, गोळ्या वेळेवर घेते.

•

जैतखेडे
दि. ९ डिसेंबर २०२५

ति. अक्का हिस,
स. जयभीम.

तू जिंकलीस. आता ऐक काय झालं.

वही सरांकडे होती. तुझं पत्र मी त्यांना दाखवायला नको होतं, पण माझ्या पोटात काही राहत नाही, म्हणालो बघा माझी बहीण काय म्हणते. सरांनी दोन्ही वाचलं, मग सभेत सगळ्यांसमोर म्हणाले की भावाची ओवी वेगळी, बहिणीची वेगळी, ज्या घरात एका शब्दावर एकमत नाही त्या घराचा पुरावा समिती कसा धरणार. लोक हसले. पुना वाणी तर म्हणाला, आधारबाबा आता दोन फलक लावा, एक आंडोरचा एक आंडेरचा. मला पंचवीस तारखेपर्यंत मुदत दिली आहे. घरात एकमत करून या, नाहीतर आमचा मजकूर आहे तसा हिलाल पेंटरकडे जाईल. म्हणजे आंदण.

जैताईचं नाक तू कापलंस, मी नाही. माझ्याकडे कागद होता. बासष्ट वर्षांचा कागद. कागद खोटं बोलत नाही, माणसाची आठवण बोलते. आणि त्यानी, त्याना याचं म्हणशील तर माय अडाणी होती, गाता गाता चुकली असेल.

तर आता एवढंच कर. साक्षीच्या हातून चार ओळी पाठव की वहीतलं बरोबर आहे. एका अक्षराचा प्रश्न आहे. तुझं काय जातं? जैताईची बारा गावं तिला परत मिळतील. हक्कसोडीचं मी आत्ता बोलत नाही.

रक्तदाब वाढला आहे, डॉक्टरांनी मीठ बंद केलं आहे. कळावे, आणि कळवावे.

आधार

•

धुळे
दि. १६ डिसेंबर २०२५

चि. आधार,

माय अडाणी होती. हे तू लिहिलंस आणि माझ्या नातीला मोठ्याने वाचावं लागलं.

ती अडाणी होती म्हणून तू ओव्या उतरवल्यास ना? तिला पाठ होत्या त्या तुला आल्या नाहीत. जात्यावर बसून सगळं गाव, सगळी राणी, सगळे चुलते तिने चाळीस वर्षं डोक्यात ठेवले आणि एकदा चुकली नाही.

मी विचार केला. हक्कसोड तुला हवी आहे ना, घे. जीवनला पारोळ्याची तारीख घ्यायला सांग, मी येते, अंगठा देते. फोटो काढून ठेवले आहेत. जीवन माझ्या मांडीवर वाढला आहे, त्याने केळी लावावी. वावर मी कागदावर सोडून देते.

पण आंडोर म्हणणार नाही. मायच्या तोंडातला शब्द मला सोडता येत नाही, त्याची हक्कसोड होत नाही.

एक मात्र विचारते. तू वही लिहिलीस त्या दिवशी मायने तुला ती परत वाचायला लावली होती. चुलीपुढे बसून तू वाचलीस, मी भाकरी थापत होते. तू आंडेर वाचलंस. माझ्या कानात आहे ते. वाचून झाल्यावर मायने तुला गुळाचा खडा दिला, मला दिला नाही, म्हणून लक्षात राहिलं. मग वहीत आंडोर कोणी केलं?

मीठ खाऊ नकोस. बाकी काही लिहावंसं वाटत नाही.

द्रौपदा

•

जैतखेडे
दि. २४ डिसेंबर २०२५

ति. अक्का हिस,
आधारचा स. जयभीम.

तुझं पत्र आल्यावर मी सरांकडून वही परत आणली. ती देताना ते म्हणाले, झालं का एकमत. मी वही पिशवीत घालून घरी आलो. दुपारी अंगणात उन्हात बाज टाकली, जीवनने आणलेलं भिंग घेतलं आणि ते पान बघितलं. इतकी वर्षं मी ते वाचत होतो, बघितलं कधीच नव्हतं.

सगळं पान निळ्या शाईचं आहे. दौतीतली शाई, ठिकठिकाणी पसरलेली. फक्त एका ठिकाणी एक उभी रेघ आहे, ती तांबडी. आता विटून तपकिरी झाली आहे, म्हणून माझ्या डोळ्यांना दिसली नाही. मी डे लिहिला होता. त्याच्यापुढे कोणीतरी तांबड्या शाईने एक काना ओढला आहे. डे चा डो झाला. आंडेरचं आंडोर. मागचं त्यानी तसंच राहिलं, कारण ज्याने काना ओढला त्याला अहिराणी येत नव्हती. आणि समासात त्याच शाईने लिहिलं आहे, शेत मुलास देतात, नीट ऐकून लिहावे.

आमचे सातवीचे गुरुजी. वह्या तपासायचे. बाहेरून आले होते.

मग मला सगळं आठवलं, आणि आठवलं नसतं तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी मी घरी येऊन मायला वाचून दाखवलं. आंडोरले असं वाचलं. मायने हात थांबवला. मी म्हणालो की तू चुकीचं सांगितलं होतंस, गुरुजींनी दुरुस्त केलं. तिने माझ्याकडे बघितलं, वहीकडे बघितलं, आणि म्हणाली की गुरुजी शिकलेले आहेत. त्यानंतर ती ओवी माझ्यासमोर तिने कधी म्हटली नाही. तुझ्यासमोर म्हणत राहिली असेल.

अक्का, मला इतका राग आला आहे की तो कुठे ठेवू कळत नाही. गुरुजी तर कधीच वारले. सर हसले म्हणून मी सरांवर चिडलो होतो, ते काय वेगळं करत होते? एकाने आंदण लिहिलं, एकाने काना ओढला. आणि मी तो काना बासष्ट वर्षं वागवला, त्याच्यावर वावर उभं केलं, आणि मायला अडाणी म्हणालो. ते पत्र फाडून टाक. साक्षीला सांग, आधारआबा चुकले.

वही घेऊन मी लगेच समितीकडे गेलो. त्यांना भिंग दिलं. सरांनी बराच वेळ बघितलं. या वेळी हसले नाहीत. म्हणाले, एकमत झालेलं दिसतं. साक्षीने जीवनच्या मोबाइलवर पाठवलेला तुझा आवाजही ऐकवला. यंत्र काढून मीही मोबाइल कानाला लावून ऐकला. तुझा आवाज मायसारखा झाला आहे. मजकूर बदलायचं ठरलं. जैताई ही नागदेव राऊळ यांची वारस म्हणून गादीवर बसली, असं येणार. खाली दोन्ही ओव्या.

जीवनने पारोळ्याची पाच जानेवारीची तारीख घेतली होती. तू येऊ नकोस. थंडी फार आहे, तुझा गुडघा, आणि एसटीच्या काचा लागत नाहीत. जीवन माझ्यावर चिडला आहे, त्याला मी कारण सांगितलं तरी चिडला आहे, न जेवता वरणगावला निघून गेला. त्याचं मी बघतो.

लोभ मागायला तोंड नाही. असेल तर राहू दे.

आधार

•

जैतखेडे
दि. २८ जानेवारी २०२६

ति. अक्का हिस,
स. जयभीम वि. वि.

तुझा गुडघा तुला परवा येऊ देईना हे एका अर्थी बरं झालं, कारण तू असतीस तर मला आवरलं असतंस.

सकाळी आठला झेंडावंदन, नऊला गढीपाशी सगळे जमले. तालुक्याचे साहेब आले होते. पडदा ओढला. निळा फलक, पांढरी अक्षरं, हिलाल पेंटरचा हात सुरेख आहे. वर वारस असं लिहिलेलं. जैताईला आंदणातून सोडवलं, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग मी खालच्या ओव्या वाचल्या.

आंडोरले.

हिलालने वहीच्या पानाचा फोटो बघून अक्षर न् अक्षर उतरवलं होतं, काना धरून. त्याचा दोष नाही, फोटोत सगळी शाई सारखीच काळी दिसते. सरांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, आधारबाबा, एवढा एक काना आहे, पुढच्या वर्षी रंग द्यायच्या वेळी काढू. साहेबांचं भाषण सुरू व्हायचं होतं.

मी म्हणालो की एवढा एक काना माझ्या घरात बासष्ट वर्षं राहिला, आता एक दिवस राहणार नाही. गढीला लागून राहते त्या तानुबाईच्या अंगणातून स्टूल आणलं, नावही बघ कसं जुळलं, आणि तिचंच खुरपं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी स्टुलावर चढलो. स्टूल डुगडुगलं. खाली बघितलं तर जीवनने स्टूल धरलं होतं. महिनाभर माझ्याशी बोलला नव्हता, तेव्हाही बोलला नाही, पण धरलं घट्ट. साहेब थांबले, लोक थांबले, आणि मी तो काना खरवडला. पत्र्यावर खुरपं कर्रकर्र वाजलं. पुना वाणी खालून ओरडला की बाबा, अख्खी ओवी काढू नका. मी त्याला म्हणालो, तू तुझं तोंड आवर, मी माझा काना काढतो.

डो चा डे झाला. निळा रंगही निघाला, आतला पत्रा दिसतो. सर म्हणाले की हिलालकडून तिथे नीट रंग लावून घेऊ. मी म्हणालो, नको, तो ओरखडा राहू दे.

काल पारोळ्याला गेलो. जीवन बरोबर आला. मी चला म्हणालो, तर तो गाडी काढून उभा राहिला, एवढंच. कचेरीतल्या बाबूला म्हणालो, भाऊ-बहिणीचं वावर आहे, कागद करायचा आहे. पुढचं ऐकायच्या आतच त्याने कपाटातून हक्कसोडीचा नमुना काढून माझ्यापुढे ठेवला. भाऊ-बहीण म्हटलं की त्याचा हात आपोआप त्याच गठ्ठ्याकडे जातो. मी चिडून म्हणालो की हा नव्हे, वाटपाचा काढा. त्याने माझं यंत्र बघितलं, त्याला वाटलं मला ऐकू आलं नाही, म्हणून हक्कसोड असं मोठ्याने ओरडून सांगितलं. मग जीवन बोलला. आत्याचा अर्धा हिस्सा वेगळा करायचा आहे, सोडायचा नाही, असं म्हणाला. महिनाभरात त्याच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं वाक्य. मला यंत्राशिवाय ऐकू आलं असतं.

येशीकडचा अर्धा तुझा, बोरीच्या झाडासकट. बोअर तुझ्या बाजूला लागतं असं पाणी बघणारा सांगतो, म्हणून जीवनला केळीसाठी तुझी परवानगी लागेल. तो तुला विचारील. तू लगेच हो म्हणू नकोस, त्याला दोन-तीनदा विचारू दे, मला महिनाभर छळलं आहे त्याने.

पारोळ्याची तारीख नऊ फेब्रुवारी. आधार कार्ड आणि दोन फोटो आण. हक्कसोडीलाही एवढंच लागत होतं. साक्षीला बरोबर घे, एसटीत पुढच्या बाकावर बस, आणि निघताना गॅसचं बटण बघ. आधी गढीवर जाऊ, ओरखडा दाखवतो, मग कचेरीत.

राग अजून पुष्कळ शिल्लक आहे, पण तो तुझ्यावरचा नाही.

मायनी आंडेरले मायना आंडोरना जयभीम.

आधार